क्लस्टरचा डॅशबोर्ड: आधी 'माझा जॉब कधी लागणार' ते सांगा

तुमची अडचण अशी दिसते. सोलापुरातल्या कॉलेजात १६ नोडचा, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांचा क्लस्टर, त्यावर लोकांचे जॉब (दिलेली कामं) रांगेत लावून चालवणारं स्लर्म. आलेख दाखवणाऱ्या ग्राफानात तुम्ही तीसेक पॅनल लावलीत, तरी प्राध्यापक फोन करून "जॉब कधी लागणार?" विचारतात. वर प्राचार्यांना महिन्याच्या वापराचा आकडा हवाय.

मी जुळे सोलापुरात राहतो. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं. उजनी धरणाची टक्केवारी आम्ही पेपरात वाचतो, पण शेजाऱ्याला विचारतो ते आपल्या गल्लीत पाणी किती वाजता सुटणार एवढंच. तुमच्या तीस पॅनलांवर उजनी आहे, गल्ली नाही. सीपीयू लोड, नेटवर्क, डिस्क हे सगळं तुमच्या कामाचं. रसायनशास्त्राच्या मॅडमना त्याचं काय?

म्हणून लॉगिन केल्यावर पहिल्या पानावर फक्त त्या व्यक्तीचे जॉब दाखवा. थांबलेल्या जॉबपुढे स्लर्म कारण देतं, ते तसंच न छापता मराठीत सांगा. 'प्रायॉरिटी' असेल तर "तुमच्यापुढे अजून जॉब आहेत". 'रिसोर्सेस' असेल तर "नंबर आलाय, पण मागितलेले प्रोसेसरचे कोअर किंवा मेमरी अजून मोकळी नाही". 'डिपेंडन्सी' असेल तर "आधीचा जॉब संपायची वाट बघतोय". आमच्या क्लस्टरवर फोन कमी झाले ते एवढ्यानेच, एकही नवा ग्राफ न काढता.

सुरू होण्याची अंदाजे वेळ एस-क्यूला (स्लर्मची रांग दाखवणाऱ्या कमांडला) 'स्टार्ट' पर्याय देऊन मिळते. ती छापा, पण शेजारी "अंदाज" हा शब्द ठळक ठेवा. चालू जॉबना लोकांनी किती वेळ मागून ठेवलाय, त्यावर ती बेतलेली असते. दोन तासांच्या कामाला सगळेच दोन दिवस मागतात, त्यामुळे ती वेळ पुढेमागे सरकतच राहते.

आता प्राचार्यांचा आकडा. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, कारण अडवलेलं आणि वापरलेलं एकच समजलं जातं. आमच्या एका सरांचा प्रोग्राम एकाच कोअरवर चालणारा, पण स्क्रिप्ट कुणाकडून तरी उचललेली, तिच्यात ४० कोअर मागितलेले. जॉब १० तास चालला. हिशेबात ४०० कोअर-तास (कोअर गुणिले तास) पडले, खरं काम झालं १० कोअर-तासांचं, म्हणजे अडीच टक्के. ग्राफानात मात्र "कोअर भरलेत" म्हणून पट्टी लालभडक! दोन्ही आकडे शेजारी शेजारी दाखवा. पण कमी वापराची नावानिशी यादी सगळ्यांपुढे टांगू नका. ज्याचं त्याला दिसू द्या. त्या सरांनी ते पान पाहून स्क्रिप्ट स्वतःच बदलली, मला बोलायची वेळच आली नाही.

हे आकडे एस-ॲक्टमधून (झालेल्या जॉबचा हिशेब देणाऱ्या कमांडमधून) काढताना दोन ठिकाणी चुकाल. एका जॉबच्या स्टेपांच्याही (आतल्या टप्प्यांच्याही) वेगळ्या ओळी येतात, सरसकट बेरीज केली तर हिशेब फुगतो, म्हणून 'एक्स' पर्यायाने फक्त मूळ जॉब घ्या. (प्रत्यक्ष वापरलेला सीपीयू वेळ आणि मेमरी मात्र 'एक्स' दिल्यावर मिळत नाहीत, त्यांची क्वेरी वेगळी ठेवा.) दुसरं, ३० तारखेला सुरू होऊन ३ तारखेला संपलेला जॉब महिन्याच्या हद्दीवर वेळ कापणारा 'ट्रंकेट' पर्याय न दिल्यास दोन्ही महिन्यांत अख्खा मोजला जाईल.

माझी स्वतःची चूकही सांगतो. पहिल्या पानात मी दर पाच सेकंदांना थेट एस-क्यू चालवत होतो, प्रत्येक उघड्या टॅबसाठी वेगळं. परीक्षेच्या आधी पोरांनी लॅबभर टॅब उघडे ठेवले आणि जॉब टाकायला गेलं की "सॉकेट टाइम्ड आउट". मी तासभर स्विच आणि केबली तपासत बसलो. शेवटी स्लर्मकडे कुणाच्या किती विनंत्या येतात ते सांगणाऱ्या एस-डायगमध्ये पाहिलं तर विनंत्यांचा ढीग माझ्याच वेब यूजरच्या नावावर! आता एकच स्क्रिप्ट मिनिटाला एकदा माहिती काढून फाइलीत ठेवते आणि पान ती फाइल वाचतं. मिनिटभर शिळ्या माहितीने कुणाचं अडत नाही.

सगळं हाताने लिहायचं नसेल तर बफेलो विद्यापीठाचं ओपन एक्सडीमॉड बघा. मुक्त आहे, स्लर्मच्या नोंदी उचलतं आणि विभागवार, महिनावार अहवाल देतं. प्राचार्यांसाठी तेच बरं. ओहायो सुपरकॉम्प्युटर सेंटरचं ओपन ऑनडिमांड निराळं: त्यात ब्राउझरमधूनच फाइल चढवता येते आणि जॉबही टाकता येतो. टर्मिनलला घाबरणाऱ्यांसाठी ते लावा. पण दोन्ही एकदम नको. एकटा माणूस असाल तर आधी स्वतःचं साधं पान, मग एक्सडीमॉड.

आणखी एक. स्लर्ममध्ये सांगून बंद केलं नाही तर कुणालाही कुणाचेही जॉब दिसतात, आणि पोरं जॉबच्या नावात थिसिसचा विषयच लिहितात. ते बंद करणारं 'प्रायव्हेट डेटा' लावलं तरी तुमचं पान ॲडमिन खात्याने माहिती काढत असेल, तर ती बंदी पानाला लागू होत नाही. कोणाला काय दिसावं ते पानातच ठरवावं लागेल.

तुमच्याकडे जॉबच्या नोंदी डेटाबेसात ठेवणारं स्लर्म-डीबीडी चालू आहे का तेवढं आधी कळवा. नसेल तर मागच्या महिन्यांचा हिशेब असा काढता येणार नाही, सुरुवात तिथूनच करावी लागेल.