माइनस्वीपरला 'सुरुंगशोधक' म्हणावं का?

प्रश्न असा की 'अब्राहम क्राइन्सन' या डच माइनस्वीपरवर (म्हणजे समुद्रात पेरलेले सुरुंग साफ करणाऱ्या नौदलाच्या बोटीवर) मराठीत लिहायचंय, तर 'सुरुंगशोधक नौका' चालेल का, कारण ट्रान्सलेटर 'खाण सफाई जहाज' देतोय.

खाण सोडाच, तिथून कोळसा निघतो. सुरुंग बरोबर आहे, विहीर खोदताना खडकाला लावतात तोच, जमिनीत पेरला की भूसुरुंग आणि समुद्रात पाणसुरुंग. (हिंदीतलं सुरंग म्हणजे भुयारसुद्धा, त्यामुळे हिंदीवरून उचलत असाल तर जपून.)

गोची आहे ती 'शोधक'मध्ये. या बोटी शोधत नव्हत्या हो! त्या काळचा साधा पाणसुरुंग तळावरच्या वजनाला तारेने बांधलेला असायचा आणि पाण्याखाली थोड्या खोलीवर तरंगत राहायचा. बोट आपल्या मागे लांबच लांब तार ओढत न्यायची, त्या तारेला कातऱ्या, सुरुंगाची दोरी तिच्यात सापडली की कट, मग सुरुंग भसकन वर यायचा आणि डेकवरून गोळ्या घालून त्याचा निकाल लावायचा. म्हणजे सुरुंग नेमका कुठेय ते माहीत नसतानाच पट्टाच्या पट्टा साफ, रापण ओढल्यासारखं. ब्रिटिशांच्या या पद्धतीचं नावही ओरोपेसा नावाच्या मासेमारी ट्रॉलरवरून पडलंय आणि रशियन लोक तर अशा बोटीला 'ट्रालश्चिक'च म्हणतात, ट्रॉलवाली, म्हणजे जाळं ओढणारी. सोनार (पाण्याखाली आवाजाच्या लहरींनी वस्तू शोधणारं यंत्र) लावून एकेक सुरुंग हुडकणाऱ्या माइनहंटर बोटी नंतर आल्या, 'सुरुंगशोधक' त्यांच्यासाठी राखून ठेवा.

'सुरुंगनिवारक' पण सुचवतील कोणीतरी, पण ते फारच सरकारी परिपत्रकासारखं वाटतं, कीटकनाशकाच्या डब्यावर छापल्यासारखं. मी पहिल्यांदा 'सुरुंग काढणारी बोट' असं फोडून सांगेन आणि पुढे सरळ माइनस्वीपर. तसंही तुमच्या गोष्टीत ती सुरुंग काढतच नाहीये. १९३७ साली नौदलात आलेली जेमतेम ५६ मीटरची बोट, १९४२ मध्ये जपान्यांनी डचांच्या ताब्यातलं जावा बेट घेतलं तेव्हा निसटण्यासाठी खलाशांनी तिच्यावर फांद्या लादल्या, उघडा भाग दगडासारखा रंगवला, दिवसा किनाऱ्याला चिकटून बेट बनून बसायचं आणि रात्री निघायचं, असं करत २० मार्चला ऑस्ट्रेलियात जेराल्डटनला पोचली. तिथे शब्द हवा तो 'सोंग', 'छद्मावरण' वगैरे कृपया नको.