रहस्यकथा लिहून पोट भरेल का, की आधी 'खरं' साहित्य लिहावं?

पोट भरणार नाही. निदान पहिली दहा वर्षं तरी नाहीच. नोकरी सोडू नका. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

पण पुढे तुम्ही लिहिलंय, की धुळ्यात घरचे म्हणतात, "रहस्यकथा, भयकथा हे काही खरं साहित्य नव्हे, लिहायचंच असेल तर निदान टोपणनाव तरी घे." ते वाचलं आणि राहवलं नाही. हेच वाक्य मी माझ्या घरात ऐकलं, आणि त्याची किंमतही मोजली.

मी भुसावळचा. जळगावला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचो. दसऱ्यापासून होळीपर्यंत कापसाचा सिझन, त्या दिवसांत एक ओळ व्हायची नाही. सगळं लिखाण उन्हाळ्यात, रात्री, गच्चीवर पाणी मारून. दिवाळी अंकांच्या कथाही जुलैच्या आत पोचवायच्या असतात, म्हणजे त्याही मे महिन्याच्या त्याच काहिलीत. 1998 मध्ये पहिली कादंबरी निघाली. सोळा पानांचा एक असे बारा फॉर्म, म्हणजे 192 पानं, मुख्यतः वाचनालयांच्या खरेदीवर डोळा ठेवून छापलेली. चार हजार रुपये एकरकमी आणि एका पानाचं करारपत्र, त्यात 'सर्व हक्क दिले' अशी एक ओळ. आमचे थोरले भाऊ नाना हायस्कुलात मराठी शिकवायचे. त्यांनी एकच अट घातली, कव्हरवर आपलं आडनाव नको. वडील गेलेले, घरात नानांचा शब्द शेवटचा. मी टोपणनाव घेतलं.

त्या कादंबरीत रावेरकडच्या केळीच्या बागेत खून होतो. खुनी प्रेतावर कापलेले घड रचतो, घरी येऊन सदरा धुतो, सकाळी तोच पांढराशुभ्र सदरा घालून पंचनाम्याला हजर. मला वाटलं, काय झकास जमलंय. तीन महिन्यांनी एक पोस्टकार्ड आलं. वाचकाने ते माझ्या टोपणनावाने प्रकाशकाच्या पत्त्यावर धाडलेलं. प्रकाशकाने तो पत्ता खोडून बाजूला स्वतःच्या अक्षरात माझं खरं नाव आणि भुसावळचा पत्ता घातलेला. मजकूर दोन ओळींचा: पुस्तक एका रात्रीत वाचलं, पण दोन चुका आहेत, बागेत या म्हणजे दाखवतो.

रविवारी गेलो. साठीचे गृहस्थ, स्वतःची बाग. चहासुद्धा नंतर, आधी बागेत नेलं. विळ्याने घडाचा दांडा कापला आणि टपटपणारा चीक माझ्या रुमालावर धरला. पाण्यासारखा, रंगच नाही. म्हणाले, "आता घरी जाऊन धुवा. रगत धुतल्यानं जाईन, पन केयीचा चीक कपड्याले लागला तं जात नाही भो." संध्याकाळपर्यंत रुमालावर तपकिरी डाग चढला. साबण, सोडा, लिंबू, सगळं करून पाहिलं, गेला नाही. म्हणजे माझा खुनी त्या सदऱ्यावरच पकडला जायला हवा होता! दुसरी चूक अशी, की मी जूनमध्ये लावलेली मृगबाग त्याच दिवाळीत कापायला काढली होती. मृगबाग पुढच्या वर्षी येते, हे रावेर-यावलकडचं शाळकरी पोरही सांगेल.

त्या दिवसापासून मी न पाहिलेली गोष्ट लिहीत नाही. पोलीस ठाण्यात जाऊन पंचनामा कसा लिहितात ते पाहिलं, भुसावळच्या रेल्वे यार्डात रात्र काढली. रहस्यकथेचा वाचक लेखकावर पाळत ठेवून असतो. दुवा निसटला की पुस्तक मिटलं. भाषा सुंदर आहे म्हणून तो तुम्हाला माफ करत नाही. आणि नाना म्हणायचे, यात अभ्यास कुठे आहे! बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मराठी माणसाला वाचनालयाची पायरी चढायची सवय लावण्यात अशा पुस्तकांचा वाटा कुणापेक्षा कमी नाही, हे माझं ठाम मत आहे.

आता टोपणनावाची किंमत. 2019 मध्ये भाच्याने मोबाइलवर मला माझीच कादंबरी ऐकवली. ऑडिओ निघाला होता, मला पत्ता नाही, पैसाही नाही. प्रकाशकाला फोन केला, तर उत्तर आलं, "सर्व हक्क आमचे, आणि हे लेखक तुम्हीच कशावरून?" करारपत्रावर माझं खरं नाव, पुस्तकाचं नाव नुसतं 'एक कादंबरी', आणि कव्हरवर टोपणनाव. दोन्ही जोडणारा कागद कुठेच नाही. मग ते पोस्टकार्ड आठवलं. रुमालाबरोबर एका पुस्तकात जपून ठेवलेलं होतं. पुस्तकाचं नाव, टोपणनाव, खरं नाव, प्रकाशकाचं अक्षर आणि टपालाचा शिक्का, सगळं एका कार्डावर.

वकिलांनी कॉपीराइट कायद्याचं कलम 19 दाखवलं. हक्क लिहून देताना मुदत घातलेली नसेल, तर ती पाच वर्षं धरतात. म्हणजे माझे हक्क 2003 मध्येच परत आले होते आणि मला सोळा वर्षं माहीत नव्हतं. नोटीस गेली, समझोता झाला, ऑडिओचे अर्धे पैसे मिळतात. रक्कम मोठी नाही, पण दर वेळी खात्यावर माझ्या नावाने येते.

म्हणून सांगतो, टोपणनाव घेऊ नका. घरच्यांना लाज वाटते हा त्यांचा प्रश्न आहे. 2024 मध्ये अमळनेरला 72 वर्षांनी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा मी नानांना गाडीतून घेऊन गेलो. मंडपात त्यांचे जुने विद्यार्थी भेटले. नानांनी ओळख करून दिली, "हा माझा धाकटा भाऊ, जिनिंगमध्ये होता." तोवर माझ्या अकरा कादंबऱ्या आल्या होत्या. त्यातल्या शेवटच्या चार माझ्या नावाने, आडनावासकट. नाना 83 वर्षांचे आहेत, त्यांच्याशी आता वाद घालत नाही, पण त्यांचं चुकलं होतं आणि त्यांचं ऐकून माझंही चुकलं.

एक सांगायचं राहिलं. मला महिन्याचा पगार होता, बायको अंगणवाडीत होती, म्हणून मला नावाची एवढी फिकीर करणं परवडलं. तुम्ही सरकारी नोकरीत असाल किंवा बाईमाणूस असून घरून खरंच त्रास होणार असेल, तर टोपणनाव घ्या. पण करारात 'अमुक, लेखननाव तमुक' असं दोन्ही लिहून घ्या, पुस्तकाचं नाव घाला, मुदत घाला, आणि छापील, ई-बुक, ऑडिओ, वेबमालिका हे हक्क वेगवेगळे मांडा. तुमच्या आधीच्या दोन कथा कुठे दिल्यात म्हणालात, त्यांचा काही कागद झाला असेल तर त्यातली मुदतीची ओळ तेवढी कळवा.