माळावर झाडं लावावीत का?

प्रश्न : ताई, आमच्या सोसायटीतली मंडळी सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य पाहून आली. सगळा उघडा माळ बघून वाईट वाटलं. पावसाळ्यात तिथे वड, पिंपळ, कडुनिंब लावले तर पक्षी वाढतील ना?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमची तळमळ खरी आहे, म्हणूनच कळकळीने सांगते : तिथे एकही रोप लावू नका. (वनखात्याच्या परवानगीशिवाय लावताही येत नाही, पण मुद्दा तो नाही.)

बारामती तालुक्यातलं हे अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. लोक चिंकारा बघायला जातात, मी जाते धाविक या माळावरच्या पक्ष्यासाठी. तुरुतुरु धावतो, थबकतो, वाकून किडा टिपतो, पुन्हा धावतो. मादी उघड्या जमिनीवरच अंडी घालते, मातीत मिसळून जाणारी. दोन पावलांवर असली तरी दिसत नाहीत. माळटिटवी आणि पखुर्डीही जमिनीवरच अंडी घालतात. पखुर्डीचा नर पाणवठ्यावर पोटाची पिसं भिजवून पिल्लांसाठी पाणी नेतो! या सगळ्यांना दूरवरचं मोकळं दिसायला हवं. मध्ये झाडं उभी राहिली की कावळ्यांना टेहळणीची जागा मिळते आणि अंडी-पिल्लं त्यांच्या तोंडी जातात. सावलीने कुसळी, मारवेल ही गवतं विरळ होतात, त्याबरोबर नाकतोडे कमी होतात. मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा भोवत्या हा शिकारी पक्षी नाकतोड्यांवर पोट भरतो आणि रात्री गवतातच, जमिनीवर झोपतो. तो कुठे जाणार?

भीमाशंकरचं वेगळं. तिथे दाट जंगल आणि ढोल्यांची जुनी झाडं हवीतच.

तुमची रोपं सोसायटीच्या आवारात लावा. एक उंबर लावलात तरी तांबट, बुलबुल, कोकीळ येतील. सुप्याला गेलात तर गाडी वाटेवरून खाली उतरवू नका, कुत्रं नेऊ नका आणि उन्हाळ्यात, विणीच्या दिवसांत, गवतात पायी शिरू नका.

मला खरी काळजी आहे ती अभयारण्याबाहेरच्या माळांची. सासवड-जेजुरीकडे असे माळ प्लॉटिंगखाली जाताहेत, त्यांना कुठलंच कुंपण नाही. तुमच्या मंडळींनी तिकडे फिरावं आणि दिसलेल्या पक्ष्यांची नोंद ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर करावी. गावात माळावर वृक्षारोपणाचा बेत निघाला, तर ग्रामपंचायतीपुढे ठेवायला ती नोंद हाताशी असेल.