स्टोन कॉलम घातल्याघातल्या मातीची ताकद मोजू नकोस

कृष्णाकाठी सांगलीत स्टोन कॉलमचं, म्हणजे जमिनीला बळ द्यायला तिच्यात ठोकलेल्या खडीच्या खांबांचं, पहिलंच काम मिळालंय, तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसव. वाळू असती, तर व्हायब्रेटरच्या हादऱ्यांनी कॉलमभोवतीची वाळू दाटली असती. मऊ, ओल्या चिकणमातीचं तसं नाही. खडी आत ठोकताना कडेची माती मळली जाते, छिद्रांतल्या पाण्याचा दाब चढतो आणि ताकद आधी उतरते. कॉलमलगतच्या मातीचा गोळा हातात घेऊन दाबून बघ, भिजल्या कणकेत रुतावा तसा अंगठा आत जातो. त्याच दिवशी व्हेन टेस्ट, म्हणजे मातीत पाती फिरवून ताकद मोजायची चाचणी, घेतलीस तर आकडा बघून धास्तावशील. खडीतून पाणी निचरू दे. दाब उतरला की माती आवळते, ताकद परत येते, वर भराव टाकलास तर आणखी वाढते. म्हणून मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटर लाव आणि त्याच्याकडे बघूनच पुढची टेस्ट ठरव.

आणि वरच्या थराची हयगय नको. व्यासाच्या साधारण चौपट खोलीपर्यंत कॉलम बाजूला फुगतो; तिथं त्याला धरून ठेवते ती भोवतीची मातीच. स्टोन कॉलमवरचं भारतीय मानक, आयएस 15284 चा भाग 1, वाचलंस का? डिझाइनला हात लावण्याआधी वाच, बाळा.