मण्यांचे तारे आणि ‘एफडीसारखीच’ स्कीम

कळव्याच्या एका ताईंचं पत्र, थोडं कापून:

“मी खारीगावात राहते, वय ४४. हे रबाळे एमआयडीसीत नोकरीला, हातात ४६ हजार येतात. मुलगी बारावीला. तीन वर्षं मी घरी नाताळसाठी मण्यांचे तारे, घंटा, देवदूत करते. गेल्या वर्षी १४० नग केले, ११८ गेले, सरासरी १८० रुपयांना. सगळे म्हणतात, आता मोठं कर. यंदा १,००० नग करायचा विचार आहे. मणी, तार, खोकी असा ८० हजारांचा माल एकदम घेतला की स्वस्त पडतो. २०० रुपयांनी विकले तर दोन लाख येतील. खर्च जाऊन १ लाख २० हजार उरतील, त्यात यांच्या बोनसचे ३० हजार घातले की पुढच्या वर्षीचा हप्ताही निघेल. (तीन लाखांची एफडी संपली तेव्हा बँकेतल्या मॅडमनी त्यातले दीड लाख एका स्कीममध्ये टाकून दिले. एफडीसारखंच आहे म्हणाल्या. माझ्या नावावर आहे. दहा वर्षं भरायचे, पंधराव्या वर्षी २४ लाख. कागद १६ ऑगस्टला आले.) तर ८० हजारांसाठी उरलेली एफडी मोडू की मुद्रा लोन घेऊ?”

ताई, तुमचा प्रश्न शेवटच्या ओळीत आहे आणि खरी भानगड कंसात. कंसातलं आधी घेतो, कारण त्याला मुदत आहे. मणी कुठे पळून जात नाहीत.

एफडी पुढच्या ऑगस्टमध्ये तुमच्या दारात येऊन आणखी दीड लाख मागत नाही. ही स्कीम मागणार. त्यानंतरच्या ऑगस्टमध्येही मागणार, असे भरलेला पहिला धरून एकूण दहा हप्ते. तुम्ही सही केली आहे ती आयुर्विम्याच्या पॉलिसीवर, आणि ‘हप्ता’ हा शब्द तुम्ही स्वतःच लिहिलाय. घरात वर्षाला साडेपाच लाख येतात. त्यातले दीड लाख म्हणजे सव्वा तीन महिन्यांचा पगार. ही पॉलिसी विकणाऱ्यानं तुमच्या घरचं उत्पन्न विचारलं होतं का? विचारलं असेल तर जास्तच वाईट.

आता ते २४ लाख. एकूण भरायचे १५ लाख आणि मिळायचे २४, म्हणून ‘नऊ लाख फायदा’ असं तुम्हाला कागदावर लिहून दिलं असेल. गोल आकडा बघून माणूस खूश होतो, मधली वर्षं कुणी मोजत नाही. पहिला हप्ता १५ वर्षं अडकतो, दहावा सहा वर्षं. हिशेब केला तर व्याज पडतं वर्षाला साडेचार टक्के. तेच दीड लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकले, पुढची पाच वर्षं खातं चालू ठेवण्यापुरते ५०० रुपये भरले आणि सध्याचा ७.१ टक्के दर टिकला, तर ३१ लाखांच्या आसपास होतात. दर थोडा खाली आला तरी २४ च्या वरच राहाल. शिवाय पीपीएफमध्ये एखाद्या वर्षी हात आखडला तर ५०० रुपयांतही भागतं. पॉलिसीत हात आखडला की तुमचाच पैसा कापला जातो. ऑक्टोबर २०२४ पासून नियम जरा सुधारलाय, एकच वर्षाचा हप्ता भरलेल्यालाही आता काहीतरी परत मिळतं, पण त्या ‘काहीतरी’वर मुलीची फी भागायची नाही.

आणि विमा कुणाचा? तुमचा. घर चालतं यांच्या पगारावर, आणि यांच्या नावावर स्वतःचा विमा असल्याचं पत्रात कुठे दिसत नाही. उलटी गंगा आहे. पन्नास लाखांचा साधा टर्म विमा, ज्यात शेवटी काहीही परत मिळत नाही असा, यांच्या वयाला आणि तब्येत बरी असेल तर वर्षाला वीस हजारांच्या आत बसायला हरकत नाही. तो विकायला बँकेतून कुणी आपणहून फोन करत नाही, कारण त्यात कमिशन जेमतेम.

आता काय करायचं ते लिहितो. नव्या आयुर्विमा पॉलिसीचे कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती कारण न विचारता परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. तुमचे दिवस १५ सप्टेंबरला संपतात. म्हणूनच हे उत्तर छापून येण्याची वाट न बघता पत्र वाचलं त्याच दिवशी तुम्हाला निरोप धाडला. अर्ज विमा कंपनीला करायचा, बँकेतल्या मॅडमना नाही. मॅडम चांगल्याच असतील, पण त्यांच्याकडे दिलेला कागद १६ सप्टेंबरपर्यंत ड्रॉवरमध्ये राहू शकतो. कंपनीच्या मेलवर पॉलिसी नंबरसह लिहा: ‘फ्री लूक मुदतीत पॉलिसी रद्द करून रक्कम माझ्या खात्यात परत करावी.’ शिवाय ठाण्यात त्यांची शाखा असेल तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. जेवढे दिवस विमा होता तेवढ्या दिवसांचा खर्च, स्टँप ड्युटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचे पैसे कापून बाकी परत येतात. त्यांनी टोलवाटोलवी केली तर विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार टाका. अर्ज गेला की बँकेतून फोन येईल. ‘मॅडम, एवढी चांगली स्कीम का सोडता?’ त्यावर एकच वाक्य बोला: दीड लाखाची सोय नाही. वाद घालू नका, फोनवर ते तुमच्यापेक्षा चांगलं बोलतात.

आता मण्यांकडे येऊ. हप्ता नाहीसा झाला की १,००० नगांचं कारणही नाहीसं होतं. हा हजार आकडा बाजारातून आलेला नाही, हप्त्यातून आलाय. १ लाख २० हजार हवे होते, म्हणून उलटं मोजत तुम्ही हजारावर पोचलात.

गेल्या वर्षीचा हिशेब मी लावून बघितला. ११८ नग गुणिले १८० म्हणजे २१ हजार. तुम्ही सोबत पाठवलेल्या चिठ्ठीत सामान ६ हजार, स्टॉलचं भाडं ३ हजार आणि खोकी-रिबन १ हजार आहे. उरले ११ हजार. तारेच्या सहा दांड्यांचा तारा, ज्याच्या प्रत्येक टोकाला मणी ओवून झाल्यावर पकडीनं बारीक वळं करायचं, त्याला तुम्ही ४० मिनिटं म्हणता. १४० नगांचे झाले ९३ तास. म्हणजे ताशी १२० रुपये सुटले, तेही न विकलेल्या २२ नगांची मेहनत धरून. घरबसल्या हे वाईट नाही, खरंच नाही.

पण १,००० नग म्हणजे ६६७ तास. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात ९० दिवस आहेत. रोज साडेसात तास, सुट्टी नाही, नवरात्र आणि दिवाळी मध्येच. डोळ्यांची आणि मानेची किंमत तुम्ही धरलेलीच नाही. शेजारणींना ३० रुपये नगावर काम दिलंत तर ३० हजार तिथेच गेले, आणि पकड नवीन हातात असली की वळं सैल राहून मणी घरंगळतात हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

विक्रीचं तर बघवत नाही. २० दिवस, रोज दहा तास दुकान मांडलंत तरी हजार नगांना दर १२ मिनिटांनी एक गिऱ्हाईक लागतं. गेल्या वर्षीचे ७० नग तुमच्या सोसायटीत आणि नातेवाइकांत गेले असं तुम्हीच लिहिता. त्यांचे तारे यंदा पेटीतून निघतील. फुगा फुटतो, मण्यांचा तारा दहा वर्षं टिकतो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या घाऊक गल्ल्यांत तयार सजावट मिळते तिच्याशी भावात टक्कर द्यायचं मनातसुद्धा आणू नका. कलेबद्दल माझी तक्रार नाही. चेक प्रजासत्ताकातल्या पोनिक्ला गावात फुंकलेल्या काचमण्यांपासून नाताळची सजावट हातानं होते, आणि २०२० मध्ये युनेस्कोनं ती वारसा यादीत घेतली. पण युनेस्को तुमचा उरलेला माल उचलायला खारीगावात येणार नाही.

तेव्हा ना एफडी मोडा, ना मुद्रा घ्या. मुद्राच्या शिशु, म्हणजे सगळ्यात लहान गटात कर्ज मिळतं ५० हजारांपर्यंतच, तुमच्या ८० हजारांना त्याच्या वरचा गट लागला असता. खरी अडचण व्याजाची नाहीच. २५ डिसेंबरला रात्री जो माल उरतो त्याचा हप्ता जानेवारीत भरायचा, ही आहे. यंदा २०० ते २५० नग करा, १० हजारांत सामान येईल, आणि ते यांच्या बोनसमधून घ्या. निम्मे नग आगाऊ ऑर्डरचे असू द्या. ठाण्यात तलावपाळीच्या सेंट जॉन चर्चच्या आसपास, चेंदणीत, ज्यांच्या घरी नाताळचा गोठा मांडतात अशा बायकांना ऑक्टोबरातच नमुने दाखवा. गोठ्यावर लावायचा मोठा तारा कुणी मागितला तर ३५० सांगा आणि गप्प बसा.

पॉलिसीचे दीड लाख परत आले की दोन्ही मिळून जवळपास तीन लाख एफडीतच राहू द्या. पुढच्या जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाला त्यातूनच काढावे लागणार आहेत, आणि घरखर्चाची सोय म्हणून तुमच्याकडे दुसरं काहीच नाही. पीपीएफचं मघाशी तुलनेसाठी लिहिलं, हे पैसे तिकडे नेऊ नका.

किलोनं मणी घ्यायचा मोह भुलेश्वरला होणारच. ११ नंबरचे बारीक मणी दहा ग्रॅममध्ये हजारभर भरतात, म्हणजे किलोत लाखभर. त्यातले वाकड्या भोकाचे वेचण्यात तुमची अख्खी दुपार जाईल. घ्यायचेच तर पांढरे, सोनेरी आणि मोतिया घ्या. उरले तर रुखवतात जातील, नाहीतर पुढच्या वर्षी गौरीच्या महिरपीला आणि तोरणाला. लाल टोपीवाला सांताक्लॉज मात्र आगाऊ पैसे हातात आल्याशिवाय ओवायला घेऊ नका.