सिस्टर लोकांना पगार असतो का?

प्रश्न: अमेरिकेच्या बॉर्डरवरच्या बातम्यांमध्ये स्थलांतरितांना मदत करणाऱ्या कॅथलिक सिस्टर्स दिसतात. मदर तेरेसा सोडल्या तर आपल्याला यातलं कोणीच माहीत नसतं. या बायका नक्की करतात काय, पैसा कुठून येतो आणि यात धर्मप्रसार किती?

उत्तर: आधी पैशाचं बघू. सिस्टर होताना गरिबी, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रतं घेतात, त्यामुळे शाळेत शिकवणारी किंवा हॉस्पिटलात नर्स असलेली सिस्टर पगार मिळवते खरी पण तो तिचा राहत नाही, तिच्या संघाच्या, म्हणजे ती ज्या सिस्टर्सच्या संस्थेत असते तिच्या, कॉमन खात्यात जातो आणि त्यातूनच सगळ्यांचं भागतं. बाकी देणग्या. काहीजणी तर सरळ दारोदार मागतात, त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. १८३९ साली फ्रान्समध्ये जान जुगाँ या बाईंनी एका आंधळ्या म्हातारीला घरी आणून स्वतःचा पलंग दिला, पुढे अशा म्हाताऱ्या वाढत गेल्या तशा जुगाँ टोपली घेऊन मागायला निघाल्या, लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर हा संघ त्यातून उभा राहिला.

पण स्थलांतरितांचं म्हणाल तर नाव घ्यायचं ते फ्रान्सिस झेवियर कॅब्रिनी यांचं. या इटलीच्या. त्यांना चीनला जायचं होतं, पोप लिओ तेरावे म्हणाले पूर्वेला नको, पश्चिमेला जा, कारण तेव्हा गरीब इटालियन बोटी भरभरून अमेरिकेला जात होते आणि तिकडे त्यांना विचारणारं कोणी नव्हतं. १८८९ मध्ये सहा सिस्टर्सना घेऊन न्यूयॉर्कला पोचल्या तर तिथले आर्चबिशप, म्हणजे तिथल्या चर्चचे मुख्य धर्मगुरूच म्हणाले, आल्या तशा परत जा! बाई हलल्या नाहीत. मग अनाथाश्रम, शाळा, हॉस्पिटलं असं करत मरेपर्यंत, म्हणजे १९१७ पर्यंत, ६७ संस्था काढल्या. शिकागोत हॉस्पिटलसाठी जागा घेताना विकणारे गंडवतायत असा संशय आला म्हणून सिस्टर्सनी भल्या पहाटे जाऊन दोरीने प्लॉट मोजला आणि खरंच कमी भरत होता, असं सांगतात. मला विचाराल तर या बायकांची खरी ताकद ही आहे, व्यवहार पक्का. नुसत्या दयेवर ६७ संस्था चालत नाहीत हो.

आता तुम्ही बातम्यांत बघितलंत ते बहुतेक टेक्सासमधल्या मॅकॅलन या सीमेजवळच्या शहरातलं सेंटर असेल. सिस्टर नॉर्मा पिमेंटेल यांनी २०१४ मध्ये ते एका चर्चच्या हॉलमध्ये सुरू केलं. बॉर्डर पेट्रोलने, म्हणजे अमेरिकेच्या सीमा पोलिसांनी, सोडलेली माणसं तिथे यायची, इमिग्रेशन कोर्टाची तारीख हातात, अंगावर मळके कपडे, आणि बुटांना लेस नाही कारण कस्टडीत लेस काढून घेतात. त्यांना आधी अंघोळ, स्वच्छ कपडे, गरम सूप, मग नातेवाइकांना फोन करून बसचं तिकीट. जाताना हातात एक मोठा लिफाफा द्यायचे, त्यात कागदपत्रं आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं की मला इंग्रजी येत नाही, कोणती बस पकडायची ते प्लीज सांगा. आता बघा, दोन-तीन बस बदलत अर्धा देश पार करायचाय, कडेवर पोर आहे, भाषा येत नाही, अशा वेळी उपदेश काय कामाचा, तो लिफाफाच कामाला येतो.

धर्माचं म्हणाल तर, तो भाग नव्हताच असं म्हणणं खोटं ठरेल. कॅब्रिनींना पाठवलं ते इटालियन लोक चर्चपासून तुटू नयेत म्हणूनसुद्धा, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मॅकॅलनला आलेले बहुतेक लॅटिन अमेरिकेतले, म्हणजे आधीच ख्रिश्चन, तिथे धर्मांतराचा विषय फारसा आलाच नाही.

प्रश्न: हल्ली सिस्टर व्हायला मुली मिळतात का?

उत्तर: अमेरिकेत तरी फार कमी. १९६५ मध्ये तिथे जवळपास १ लाख ८० हजार सिस्टर्स होत्या, आता ४० हजारही नाहीत आणि ज्या आहेत त्यातल्या बऱ्याच सत्तरी ओलांडलेल्या. आफ्रिका, आशियात चित्र बरंच बरं आहे. त्यामुळे मॅकॅलनसारख्या ठिकाणी कपड्यांच्या घड्या घालणं, सूप वाढणं हे सगळं व्हॉलंटियर करतात, त्यात कॉलेजची मुलं असतात, रिटायर्ड मंडळी असतात आणि चर्चशी संबंध नसलेलेही असतात.