कोर्टाने 'घर विका' म्हटलं, पण सही कोण करणार?

तू विचारलंस, "ताई, ह्याला इंग्लंडमधल्या रीडिंगला नोकरी लागलीय, पुण्यातला फ्लॅट विकून तिथे घर घ्यायचं म्हणतोय. कुणाच्या नावावर घ्यावं? अपशकुनी वाटेल, पण उद्या पटलं नाही तर?" अपशकुनी काही नाही त्यात. मी हा प्रश्न वेळेवर विचारला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. हे सगळं इंग्लंड-वेल्सचं. स्कॉटलंडचा कायदा वेगळा.

नावाचं आधी. दोघांच्या नावावर घ्या, म्हणजे तुझ्या सहीशिवाय विक्री होत नाही. एकट्या त्याच्या नावावर घेतलंत, तर तुझा राहण्याचा हक्क, म्हणजे 'होम राइट्स', लँड रजिस्ट्रीत नोंदवून ठेवता येतो. फी नाही. घटस्फोट पक्का झाला की तो हक्क सहसा संपतो. पण वाटणीच्या वेळी कागदावर कुणाचं नाव आहे यावर कोर्ट अडून बसत नाही. मुलं कुठे राहणार, कोण किती कमावतं, हे आधी बघतं. आईबाबांनी दिलेले पैसेही राहत्या घरात गेले की 'ते माझे' म्हणून वेगळे काढणं अवघड. आणि पुण्यातला फ्लॅट विकला नाहीत, तर तोही 'फॉर्म ई'मध्ये, म्हणजे घटस्फोटात आपली सगळी मालमत्ता कोर्टाला सांगायच्या फॉर्ममध्ये, दाखवावा लागतो. लपवण्याचा विचारसुद्धा करू नका.

आता खरा मुद्दा. घर विकून पैसे वाटा असा आदेश कोर्ट १९७३च्या मॅट्रिमोनियल कॉजेस अॅक्टच्या कलम २४अ खाली देतं. (सिव्हिल पार्टनरशिपमध्ये, म्हणजे लग्नासारख्या नोंदणीकृत नात्यात, असाच अधिकार २००४च्या कायद्यातून येतो. लग्नाविना एकत्र राहणाऱ्यांचं प्रकरण मात्र १९९६च्या ट्रस्ट्सच्या कायद्याखाली चालतं, तो रस्ता निराळा.) माझ्या घटस्फोटात हा आदेश हातात आला तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसलं काय! माजी नवरा त्याच घरात राहत होता. एजंट घर दाखवायला आला की दार उघडायचं नाही. उघडलं तर सिंकमध्ये आठवड्याची भांडी, आणि गिऱ्हाइकाला ऐकू जाईल असं "छत गळतं हो." एवढं करूनही गिऱ्हाईक मिळालं, तर सही नाही. या सगळ्यात अकरा महिने गेले. मॉर्गेज दोघांच्या नावावर, त्यामुळे हप्ता थकला तर बँक दोघांच्याही मागे.

आमच्या आदेशात फक्त 'घर विकावे' एवढंच होतं. एजंट कोण नेमणार, किमान किंमत किती, कमी ऑफर आली तर काय, घर कधी रिकामं करायचं, यातलं काहीच नाही. मला पुन्हा कोर्टात जावं लागलं. न्यायाधीशांनी विक्रीचं काम एकट्या माझ्याकडे दिलं आणि घर सोडायची तारीख ठरवली. फॅमिली प्रोसीजर रूल्समधल्या नियम ९.२४ खाली कोर्ट घराचा ताबा खरेदीदाराला द्यायला लावू शकतं. सही अडवली, तर १९८१च्या सीनियर कोर्ट्स अॅक्टचं कलम ३९ आहे: कोर्ट नेमेल ती व्यक्ती सही करते, आणि ती त्याच्याच सहीइतकी चालते. माझ्या ट्रान्सफर डीडवर, म्हणजे घर खरेदीदाराच्या नावावर करायच्या दस्तावर, त्याच्या जागी डिस्ट्रिक्ट जजची सही आहे. ती प्रत मी अजून जपून ठेवलीय, का ते विचारू नकोस.

घाई मात्र करू नकोस. कलम २४अ चा आदेश घटस्फोटाचा अंतिम आदेश झाल्याशिवाय अमलात येत नाही. त्याआधी विकायला लावणं फार कठीण.

तू डिपेंडंट व्हिसावर येतेयस ना? नातं तुटलं की होम ऑफिस, म्हणजे तिथलं गृहखातं, तुझ्या व्हिसाची मुदत कमी करू शकतं, मग घराच्या वाटणीचा खटला तुला पुण्यातून लढावा लागू शकतो. म्हणून पुण्याहून पैसे पाठवल्याच्या बँक पावत्या, फ्लॅटचं विक्रीखत आणि आईबाबांनी दिलेल्या रकमेचा लेखी कागद, तिन्हीच्या प्रती त्याच्याकडे नाही, तुझ्या स्वतःच्या ईमेलमध्ये ठेव.